शेवटच्या वर्षाला युद्ध आलं, त्याची नोंद कोणाकडे आहे?

मुंबईतल्या जुन्या महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघांचे अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी १९७२ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाले. तेव्हा अकरावीला एसएससी व्हायची आणि पुढे कॉलेजची चार वर्षं असायची: फर्स्ट इयर, इंटर, ज्युनियर बी.ए. आणि सीनियर बी.ए. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा मी सीनियरला होते. त्या वर्गातले आम्ही जे कोणी उरलो आहोत ते सगळे पंचाहत्तरीच्या आसपास आहोत. १९६५ च्या सप्टेंबरात सीनियरला असलेले ऐंशीच्या पुढे गेले, १९६२ चे त्याहून मोठे, आणि १९४२-४४ च्या वर्गांतलं माणूस आता शोधून सापडणं कठीण. युद्धाच्या वर्षी पदवीच्या तोंडावर आलेली मुलंमुली कशी शिकली, त्यांनी काय सोडलं, कशाला घाबरली, हे आमच्या पिढीबरोबर जाणार आहे. ते जाऊ नये म्हणून तुम्ही याच वर्षी काम हातात घ्यावं, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

शेवटच्याच वर्षाचं का, असं कोणी विचारेल. युद्ध फर्स्ट इयरच्या मुलावरही येतं, पण त्याच्या हाताशी अजून तीन वर्षं असतात. सीनियरच्या मुलाला एप्रिलमध्ये परीक्षा द्यायची असते आणि निकाल लागला की घरात पगार आणायचा असतो. सैन्यात जायचं की बँकेत चिकटायचं, हे त्याला त्याच चार महिन्यांत ठरवावं लागतं. मुलगी असली तर एम.ए. की लग्न याची घरात बोलणी चाललेली असतात. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न एका लष्करी अधिकाऱ्याशी ठरत आलं होतं. युद्ध सुरू झालं आणि दोन्ही घरं गप्प बसली. कोणी मोडलं म्हणेना, कोणी ठरलं म्हणेना, आणि तिला त्याच मनःस्थितीत राज्यशास्त्राचा अभ्यास करायचा होता. आयुष्याचे मोठे निर्णय आणि देशाचं युद्ध एकाच वर्षात येणं, ही फार थोड्या वर्गांच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. म्हणून त्या वर्गांना वेगळं विचारायला हवं.

१९७१ चं मला ठाऊक आहे तेवढं सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल.

३ डिसेंबर शुक्रवार होता. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि मध्यरात्रीनंतर इंदिराबाई आकाशवाणीवरून बोलल्या. मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला. दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती. त्यामुळे पहिल्या रात्री खाली दिवे मालवलेलं शहर आणि वर जवळजवळ पूर्ण चंद्र, असं होतं. गच्चीवर उभं राहिलं की शेजारच्या चाळीची कौलं मोजता यायची. चाळीतल्या मोठ्या माणसांना त्या चांदण्याचीच भीती वाटत होती. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुकेंद्र, माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने, कुलाब्याला नौदल. कुठे काय पडेल याची चर्चा जिन्यात रोज चालायची.

खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवायचा होता. दुकानांतला काळा कागद बघता बघता संपला, म्हणून आम्ही पुस्तकांच्या कव्हरांचा खाकी कागद दुहेरी लावला. खळ घरीच मैद्याची शिजवली. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे. खाली रस्त्यावरून फिरणारा स्वयंसेवक वर बघून ओरडायचा, "तिसरा माळा, दिवा!" आणि तिसऱ्या माळ्यावरच्या तीनही बिऱ्हाडांतले दिवे एकदम जायचे, कारण नेमकं कोणाला म्हणतोय ते कोणालाच कळायचं नाही.

आमच्या मजल्यावर नीट झाकलेली खोली एकच होती. तिच्यात आम्ही चौघी जणी अभ्यासाला बसायचो. बल्बभोवती वर्तमानपत्राची नळी गुंडाळलेली, तिच्यातून जमिनीवर पडणाऱ्या उजेडात एकच वही मावायची. मग एकीने वाचायचं आणि तिघींनी अंधारात भिंतीला टेकून ऐकायचं. घसा बसला की दुसरीने वही घ्यायची. अर्थशास्त्राचा एक अख्खा पेपर मी असा कानाने तयार केला. हवा अजिबात नसे, मधूनच भोंगा वाजे, मग तेवढाही उजेड बंद करून सर्व ठीक असल्याचा भोंगा होईपर्यंत पाठ केलेलं एकमेकींना म्हणून दाखवायचो. पुढे एप्रिलमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्न वाचताना मला उत्तर मैत्रिणीच्या आवाजात ऐकू आलं होतं.

त्याच दिवसांत नोकरीचे अर्ज टाकणं चालू होतं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन दोन वर्षं झाली होती आणि शाखा वाढत होत्या, त्यामुळे सीनियरच्या निम्म्या वर्गाचं लक्ष बँकांच्या जाहिरातींवर असायचं. १५ नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागत होतं. पूर्व बंगालमधून लाखो माणसं सीमा ओलांडून येत होती, ती आम्ही वर्तमानपत्रातल्या फोटोंत पाहत होतो. पण माझ्यापुरती ती बातमी त्या पाच पैशांच्या तिकिटातून घरात आली. प्रत्येक अर्जाच्या पाकिटावर एक नेहमीचं तिकीट आणि शेजारी ते. वडिलांकडे अर्जांसाठी पैसे मागताना हिशेब त्या जादा पाच पैशांसह सांगायचा.

आमच्या वर्गातल्या एकीचा भाऊ नौदलात होता. कुठल्या जहाजावर, हे घरच्यांना माहीत नव्हतं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बातमी शहरात पसरल्यावर ती मुलगी दुसऱ्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायला लागली. का, ते तिने एकदाच सांगितलं. घरून निरोप आला तर शिपाई दारातून नाव पुकारणार, आणि मग तिला भर वर्गातून सगळ्यांच्या समोरून चालत जावं लागलं नसतं. शिपाई उपस्थितीची वही घेऊन आला तरी तिचा हात बाकाच्या कडेला घट्ट धरलेला दिसायचा. भाऊ सुखरूप आला. तिने परीक्षा दिली, पुढे शिक्षिका झाली. आमच्या कॉलेजच्या त्या वर्षीच्या वार्षिकांकात युद्धावर दोन कविता आणि एक निबंध आहे. तिघेही लेखक पहिल्या दोन वर्षांतले आहेत.

आणखी एक. नागपाड्याहून येणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता, इतिहासात आम्हा सगळ्यांच्या पुढे. त्याच्या मावशीचं घर कराचीत होतं आणि ते त्याने ज्युनियरला असताना सहज सांगितलेलं होतं. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्यानंतर तो कँटीनला यायचा थांबला. त्याला कोणी टाकून बोललं होतं असं मला आठवत नाही, पण तो आला की टेबलावरचं बोलणं थांबायचं, हे आठवतं. आमच्या इतिहासाच्या बाईंनी एक दिवस तास संपल्यावर त्याला आणि आणखी तिघांना ट्यूटोरियल बघायच्या निमित्ताने थांबवून घेतलं, प्राध्यापकांच्या खोलीत नेलं, चहा मागवला आणि पाऊण तास १८५७ वर बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या तिघांनी त्याला हाताला धरून कँटीनला नेलं. बाईंनी काय केलं हे आम्हाला तेव्हा कळलंही नव्हतं, पुष्कळ वर्षांनी त्या तिघांपैकी एकाने सांगितलं. बाई आता नाहीत. ही गोष्ट कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही, आणि युद्धात एक कॉलेज काय करू शकतं हे मला तिच्याइतकं दुसऱ्या कशातून कळलेलं नाही.

हे सगळं मी एका वर्गाचं सांगते आहे. मुंबईत असे किती वर्ग होते.

आपल्या विद्यापीठाचा आणि युद्धांचा संबंध विद्यापीठाइतकाच जुना आहे. उत्तरेत उठाव पेटलेला असताना १८ जुलै १८५७ ला ते स्थापन झालं. राजाबाई टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. तो पैसा आला कुठून? अमेरिकेतल्या १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी अपार कमाई केली. पहिल्या महायुद्धात सेंट झेवियर्समधले जर्मन जेझुइट पाद्री एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध केलं, मग परत पाठवलं, आणि पुढे त्यांच्या जागी स्पेनहून जेझुइट आले, ज्यांच्यात इतिहासकार फादर हेरास होते. ज्या विद्यार्थ्यांचे शिक्षक असे परीक्षेच्या आधी उचलून नेले गेले त्यांना काय वाटलं असेल? त्याच काळात प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाची नवी कोरी इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली जात होती. तिच्यावरून रोज कॉलेजला जाणारी मुलं काय बघत होती? ते विचारायला आता कोणी नाही.

१९४२ चं थोडं तरी मिळतं, कारण काही जणांनी सांगून ठेवलं. उषा मेहता विल्सन कॉलेजच्या पदवीधर. कायद्याचा अभ्यास चालू होता, तो सोडून त्या ऑगस्टच्या आंदोलनात उतरल्या आणि काँग्रेस रेडिओचं गुप्त प्रक्षेपण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत चालवलं. १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडल्या गेल्या, येरवड्याला शिक्षा भोगून १९४६ मध्ये सुटल्या, आणि नंतर याच विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं. उषाबेन २००० साली गेल्या, पण त्याआधी त्यांनी मुलाखती दिल्या म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. त्यांच्या बरोबरीने त्या ऑगस्टमध्ये अभ्यास सोडलेल्या, आणि पुढे कधीच पदवी न घेतलेल्या मुलांचं काय? ज्यांनी तो सोडला नाही, घरची परिस्थिती बघून परीक्षेला बसले आणि मित्रांचे टोमणे ऐकले, त्यांचं काय? माझ्या मते दुसऱ्या गटाचीही बाजू तितकीच ऐकण्यासारखी होती.

माझे वडील १९४४ ला शेवटच्या वर्षाला होते. १४ एप्रिलच्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर कापूस होता, सोनं होतं आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. धक्का इतका मोठा की सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. वडील गिरगावात एका खानावळीच्या वरच्या खोलीत राहायचे. ते सांगायचे की आधी भूकंप वाटला, मग जपानी आले असं कोणी ओरडलं, आणि संध्याकाळपर्यंत भायखळ्याकडून जळक्या कापसाचे पुंजके उडत येत होते. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालेलं. खानावळीत पोळ्या मोजून मिळत, आणि परीक्षेच्या महिन्यात मालकीणबाई सीनियरच्या मुलांना स्वतःच्या वाट्यातली अर्धी पोळी जास्त वाढायच्या. महायुद्धाबद्दल वडील घरात फारसं बोलत नसत, पण त्या अर्ध्या पोळीचं हमखास सांगत.

युद्ध संपल्यावर मागे राहिलेल्या लष्करी बराकी रिकाम्या पडल्या. २० जून १९४६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं ते मरीन लाइन्सच्या अशा बराकींमध्येच. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग भरायचे. ज्या छपरांखाली युद्धाला निघालेले शिपाई राहिले त्याच छपरांखाली कारकून, गिरणी कामगारांची मुलं, ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं बी.ए. झाली. या शहराच्या युद्धकाळातला माझ्या दृष्टीने हा सगळ्यांत अभिमानाचा प्रसंग आहे. त्या बराकींमध्ये बसून शिकलेल्या पहिल्या वर्गांचं कोणी असेल तर त्यांच्याकडे सगळ्यांच्या आधी जायला हवं.

मग १९६२. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली, नोव्हेंबरात यशवंतराव मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण सगळ्यांनी शाळेत म्हटलं आहे. पण सह्याद्रीतून कोण कोण धावलं? सैन्याने इमर्जन्सी कमिशन काढलं आणि पदवीधर तरुणांना कमी मुदतीचं प्रशिक्षण देऊन अधिकारी केलं. मुंबईच्या कॉलेजांतली मुलंही त्यात होती. काही वर्षांनी त्यांच्यापैकी पुष्कळांना सैन्याने मोकळं केलं आणि वयाच्या अठ्ठाविशीत ते पुन्हा अर्ज करत फिरले, तेव्हा त्यांचे वर्गमित्र हेडक्लार्क झाले होते. त्यांच्यापैकी एका गृहस्थांना मी ओळखते. ते म्हणाले की कॉलेजने त्यांना जाताना निरोपाचा हार घातला होता, परत आल्यावर मात्र कोणी बोलावलं नाही. त्या वर्षीच दुसरीकडे चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं जात होतं. माझगावात चिनी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांची मुलं आपल्या कॉलेजांत असतील तर वर्ग त्यांच्याशी कसा वागला, हेही विचारा. अवघड वाटलं तरी विचारा.

१९६३ पासून एनसीसी सक्तीची झाली, ती १९६८ ला उठली. माझा आतेभाऊ १९६५ ला सीनियर बीएस्सीला होता. तो सांगतो, ऑगस्टपर्यंत परेड म्हणजे चुकवायची गोष्ट. खाकी कपड्यांना कांजी करा, बक्कल घासा, रविवारी पहाटे मैदानावर पोहोचा, आणि सगळ्याचं आकर्षण काय तर परेडनंतरचा नाश्ता. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि एकाही मुलाने परेड चुकवली नाही. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं, म्हणून होस्टेलच्या मुलांनी मेसवाल्याला जाऊन सांगितलं की सोमवारी रात्री चूल पेटवू नका. त्याच मेसवाल्या काकांनी सोमवारच्या रात्री भजन ठेवलं. युद्धविरामानंतरही काही आठवडे ते चालू राहिलं. हे ऐकल्यावर मला त्या मेसवाल्या काकांचं नाव हवं होतं. आतेभावाला आठवेना.

आता तुमच्याकडे येते.

काही काळापूर्वी मी शहरातल्या एका महाविद्यालयात गेले होते. नाव घेत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच असेल. १९६२ ते १९७२ चे वार्षिकांक बघायला मिळतील का, असं विचारलं. ग्रंथालयातल्या मुलीने मनापासून शोधलं. तीन अंक निघाले, त्यांची पानं हात लावताच कडेने तुटत होती. बाकीचे इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी रद्दीत गेले म्हणे. तिथल्या माजी विद्यार्थी संघाच्या एका पदाधिकाऱ्यांना भेटून हे काम सुचवलं. ते सौजन्याने वागले. म्हणाले, "मॅडम, आमच्या वार्षिक मेळाव्यात तुम्ही दोन मिनिटं बोला." मेळाव्याची पत्रिका मी पाहिली. उद्योजकांचे सत्कार, गाण्यांचा कार्यक्रम, भोजन. त्याला माझी काही हरकत नाही, जुने मित्र भेटावेत, चांगलं जेवावं. पण शेवटच्या बाकावर दाराशी बसलेल्या मुलीचं दोन मिनिटांत सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे इतिहास संशोधकांचं किंवा लष्कराचं काम आहे. लष्कराकडे अधिकाऱ्याच्या कमिशनची तारीख मिळेल. ते पत्र हाती आलं त्या दिवशी तो मुलगा तास बुडवून कुठे जाऊन बसला होता, ते त्याच्या बाकावरच्या मित्राला माहीत असतं. आणि त्या मित्राचा पत्ता, फोन, त्याच्या मुलीचा फोन, हे कोणाकडे आहे? तुमच्याच सदस्य नोंदवहीत आहे. दुसऱ्या कोणाकडे ही माणसं गठ्ठ्याने सापडणार नाहीत.

हे सगळं जुन्या माणसांच्या हौसेसाठी मागत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर पुन्हा तोफा चालू झाल्या तेव्हा सनदी लेखापाल संस्थेने ९ ते १४ मे दरम्यानचे परीक्षेचे पेपर पुढे ढकलले. आमच्या इमारतीतली एक मुलगी सीएच्या अंतिम परीक्षेला बसलेली होती. तिचं अर्ध्यावर अडकलं. अभ्यास आवरून ठेवावा की तसाच चालू ठेवावा हे तिला कळेना, फोनवर रात्रंदिवस बातम्या, झोप नाही. त्याआधीच ७ तारखेला मुंबईत नागरी संरक्षणाची तालीम होऊन भोंगे वाजले होते, आणि पेपर पुढे गेल्यावर ती माझ्याकडे येऊन विचारती झाली, "आजी, तुमच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी काय केलं होतं?" मी तिला वर्तमानपत्राच्या नळीचं आणि चौघींच्या वहीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन मैत्रिणींना घरी बोलावलं, फोन बंद करून स्वयंपाकघरात ठेवले, आणि एकीने वाचायचं बाकीच्यांनी ऐकायचं असं सुरू केलं. पेपर १६ मेपासून झाले, ते तिने दिले. तिला योगायोगाने शेजारी मी मिळाले. २०२२ मध्ये युक्रेनमधून ऑपरेशन गंगाच्या विमानांनी परतलेल्या वैद्यकीयच्या मुलांना पदवीचं पुढे काय होणार याची काळजी खात होती, तेव्हा त्यांना कोण मिळालं होतं?

काम कसं करावं याबद्दल माझी काही मतं आहेत. मोठा समारंभ करू नका. माणसाला व्यासपीठावर माईक दिला की तो भाषण करतो. त्याच्या घरी जा, दुपारचा चहा झाल्यावर बसा, आणि प्रश्न विचारायला आजच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पाठवा. मी हे करून पाहिलं आहे. माझ्या वयाची बाई मला विचारते तेव्हा आम्ही दोघी "ते दिवसच वेगळे होते" म्हणून मोकळ्या होतो. वीस वर्षांची मुलगी विचारते, "मग उजेड नसताना तुम्ही वही कशी वाचायचात?" आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं. रेकॉर्डिंगला फोन पुरतो. शक्य असेल तर दोन वर्गमित्रांना एकत्र बसवा, एकाचं चुकलं की दुसरा लगेच दुरुस्त करतो. बोलून झाल्यावर घरातले जुने फोटो, ओळखपत्र, एनसीसीचं प्रमाणपत्र, पत्रं यांचे फोटो काढून घ्या. मूळ वस्तू मागू नका, माणसं बिचकतात.

वार्षिकांक आधी स्कॅन करा, मुलाखती चालू असतानाच. जे अंक ग्रंथालयात नाहीत ते लोकांच्या माळ्यावर असतात. आवाहन केलंत तर निघतील. तयार झालेल्या नोंदींची एक प्रत कॉलेजात, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवा. काळा घोड्याला एल्फिन्स्टनच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्यांनाही विचारा. एका कपाटात एकच प्रत ठेवली की पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ती कुठे जाते ते मी पाहून आले आहे.

आणि फक्त पदकवाल्यांना शोधू नका. ज्यांची परीक्षा त्या वर्षी हुकली, जे नापास झाले, ज्यांनी भावाच्या जागी घर सांभाळायला कॉलेज सोडलं, त्यांची नावं सदस्य यादीत नसतील कारण ते पदवीधर झालेच नाहीत. त्यांना वर्गमित्रांकडून शोधावं लागेल. शिपाई, ग्रंथपाल, मेसवाले, होस्टेलचे रखवालदार यांनाही विचारा, किंवा ते नसतील तर त्यांच्या मुलांना. नागपाड्याच्या त्या मुलाला मी गेल्या वर्षी फोन करून परवानगी विचारली. तो म्हणाला, "लिही, पण बाईंचं आधी लिही." तो आता दोन नातवंडांचा आजोबा आहे आणि प्रत्यक्ष बोलायला तयार आहे.

माझ्याकडे १९७१-७२ चा आमच्या कॉलेजचा वार्षिकांक आहे, चौघींपैकी दोघींच्या वह्या आहेत, निर्वासित मदतीचं तिकीट लावलेलं एक परत आलेलं पाकीट आहे. आमच्या वर्गातल्या ज्या अकरा जणांशी माझा संपर्क आहे त्यांना मी विचारून ठेवलं आहे. नऊ जण हो म्हणाले. त्यातले दोघे आजारी आहेत, त्यांच्याकडे आधी जावं लागेल. एक जण बोरिवलीला, एक डोंबिवलीला, बाकीचे दादर ते पार्ल्याच्या मध्ये. दुपारी तीन ते पाच ही वेळ सगळ्यांना सोयीची आहे. तुमच्यापैकी जो संघ पहिल्यांदा दोन विद्यार्थी पाठवेल त्यांना मी ही यादी देईन आणि पहिल्या चार घरी स्वतः बरोबर येईन. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात झाली तर मुलांनाही जमेल.

आपली,
१९७२ च्या सीनियर बी.ए. वर्गातली एक माजी विद्यार्थिनी
मुंबई